पहिले माहितीपर ई-पुस्तक: विषयाच्या निवडीपासून प्रकाशनापर्यंत

नोकरीत, शेतीत, संस्थेच्या कारभारात किंवा घरातल्या एखाद्या दीर्घ आजारपणात जे शिकलो ते इतरांसाठी लिहून ठेवावे, असे अनेकांना वाटते. छापील पुस्तकासाठी प्रकाशक शोधणे, छपाईचा खर्च उचलणे आणि न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे माळ्यावर ठेवणे यांपैकी काहीही ई-पुस्तकात करावे लागत नाही, त्यामुळे ही इच्छा आता एकट्या माणसाच्या आवाक्यात आली आहे. तरीही हाती घेतलेली बरीच पुस्तके तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापुढे सरकत नाहीत. आळस किंवा भाषेची अडचण हे त्याचे कारण क्वचितच असते; बहुधा विषय म्हणून एक अख्खे क्षेत्र निवडलेले असते आणि क्षेत्राला शेवट नसतो. म्हणूनच या लेखात विषयाच्या निवडीला सर्वाधिक जागा दिली आहे. तिथे दोन आठवडे जास्त घालवले तर पुढचे दोन महिने वाचतात.

विवेचन हवेत राहू नये यासाठी एकच उदाहरण सर्वत्र वापरतो. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद सांभाळलेल्या बाई आहेत असे समजू. विकासकाने जमीन संस्थेच्या नावावर करून दिली नव्हती. त्यांनी पाठपुरावा करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बोलीतले डीम्ड कन्व्हेयन्स, पूर्ण करून घेतले. आता त्यांना पुस्तक लिहायचे आहे.

क्षेत्रातून प्रश्नाकडे

विषय विचारला तर या सचिवबाई साहजिकच "गृहनिर्माण संस्था" असे उत्तर देतील. पण त्यात उपविधी येतात, निवडणूक येते, लेखापरीक्षण, थकबाकीची वसुली, पार्किंगचे वाद, गळतीचा खर्च कोणी करायचा हा न संपणारा तंटा आणि पुनर्विकास हे सगळे येते. यातला प्रत्येक भाग स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज आहे, आणि सगळे एकत्र घेतले तर कोणत्याच वाचकाचे काम पूर्ण होणार नाही इतके थोडे प्रत्येकाच्या वाट्याला येईल.

त्याऐवजी त्यांनी असा प्रश्न घ्यावा: विकासक सहकार्य करत नसताना जमीन संस्थेच्या नावावर कशी करून घ्यावी? या प्रश्नाला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. १९६३ च्या मोफा कायद्याखाली (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट), वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत विकासकाने हस्तांतरण करून द्यावयाचे असते. त्याने ते टाळले तर संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करण्याचा मार्ग २००८ च्या दुरुस्तीने खुला झाला. नोटीस, नमुना सातमधील अर्ज, सुनावणी, आदेश व प्रमाणपत्र, मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय (किती शुल्क भरायचे याचा निर्णय), दस्ताची नोंदणी आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर संस्थेचे नाव, असा हा क्रम आहे. प्रकरणांची यादी जवळजवळ आयतीच हाती येते, आणि पुस्तक कुठे संपवायचे हेही आधीच ठरून जाते.

असा प्रश्न शोधण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे लोकांनी आपल्याला आजवर विचारलेले प्रश्न. फोनमधले जुने संदेश चाळावेत, ईमेल पाहावेत, लग्नकार्यात किंवा गाडीत भेटलेल्या माणसाने "तुम्ही ते कसं केलंत हो?" असे कशाबद्दल विचारले होते ते आठवावे, आणि सगळे प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत एका वहीत उतरवावेत. नातेवाईक आपुलकीने विचारतात, त्यामुळे त्यांचे प्रश्न थोडे बाजूला ठेवून अनोळखी माणसांनी, कोणाकडून तरी नंबर मिळवून विचारलेल्या प्रश्नांना अधिक वजन द्यावे. ज्या प्रश्नाचे उत्तर देताना आपला फोन नेहमीच लांबतो तो प्रश्न बहुधा पुस्तकाचा असतो.

निवडलेल्या प्रश्नाची परीक्षा

प्रश्न सापडला की लगेच लिहायला बसू नये. पहिली कसोटी ही की ते काम आपण स्वतः शेवटपर्यंत नेले आहे काय. ज्याने अर्ज दाखल केला पण आदेश मिळण्याआधी पद सोडले, त्याला त्रुटी कशा निघतात आणि आदेशानंतर नोंदणीच्या टप्प्यावर काय अडते हे माहीत नसते, आणि वाचकाला पुस्तकाची खरी गरज नेमकी तिथे असते. अर्धा अनुभव असेल तर विषय तेवढ्याच अर्ध्यापुरता आखून घ्यावा. "अर्जाची तयारी" एवढाच विषय ठेवला तरी ते प्रामाणिक पुस्तक होईल.

दुसरी कसोटी आकाराची. जे दहा मिनिटांच्या चित्रफितीत किंवा एका लेखात पूर्ण सांगता येते त्याचे पुस्तक करू नये. वाचकाला ओढूनताणून लांबवलेला मजकूर लगेच कळतो. उलट ज्या कामात निर्णयाची अनेक वळणे आहेत, जिथे "तुमच्याकडे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, नसेल तर काय" अशा फांद्या फुटत जातात, तिथे पुस्तकाचे रूप उपयोगी पडते, कारण वाचकाला मागेपुढे जावे लागते.

तिसरी कसोटी टिकाऊपणाची. सरकारी संकेतस्थळावर कोणते बटण कुठे आहे यावर उभे असलेले पुस्तक सहा महिन्यांत शिळे होते. पण कोणता कागद का लागतो, तो कोणत्या कार्यालयातून मिळतो आणि नसेल तर पर्याय कोणता, हे बरीच वर्षे टिकते. शक्यतो टिकणारा भाग पुस्तकाच्या गाभ्यात घ्यावा आणि बदलणारा भाग एका परिशिष्टात वेगळा काढावा, म्हणजे नवी आवृत्ती करताना तेवढेच बदलावे लागते.

चौथी कसोटी मराठी लेखकांकडून सर्वाधिक दुर्लक्षिली जाते: या विषयाचा वाचक हा विषय मराठीतून वाचतो काय? संगणकाच्या प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याची साधने, त्रुटीचे संदेश आणि नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत असतात; तो मराठी पुस्तकाचे कौतुक करील, पण विकत घेईलच असे नाही. याउलट सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा कारभार, सहकारी संस्था, द्राक्षाची छाटणी, बेदाणा, मधमाशीपालन, कोकणातल्या घरी पर्यटकांची निवास-न्याहारीची सोय करणे, या विषयांत कागद मराठीत असतात किंवा काम मराठीत चालते. अशा विषयात मराठी ही लेखकाची मर्यादा राहत नाही, कारण वाचकाला नेमके तेच हवे असते. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाचाही इथे विचार करावा. पुण्यातला फ्लॅट किंवा गावाकडची वडिलोपार्जित जमीन दुरून सांभाळणाऱ्याला छापील पुस्तक सहज मिळत नाही. ई-पुस्तक त्याच्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचते.

यानंतर बाजार पाहावा. बुकगंगा, ॲमेझॉनचे किंडल हे ई-पुस्तकांचे दुकान आणि मराठी प्रकाशकांच्या याद्या यांवर त्याच प्रश्नाची पुस्तके शोधावीत, आणि सापडली तर निराश होऊ नये. पुस्तक असणे म्हणजे मागणी असणे. ते विकत घेऊन वाचावे, वाचकांचे अभिप्राय पाहावेत आणि काय राहून गेले आहे ते टिपावे. कायद्याच्या विषयावर कलमे आणि त्यांचा अर्थ सांगणारी पुस्तके असतात, पण संस्थेच्या विशेष सर्वसाधारण सभेत ठराव कसा मांडावा आणि खर्चाला विरोध करणाऱ्या सभासदांना काय सांगावे हे वकील लिहीत नाहीत. सचिवबाईंचे पुस्तक त्या जागेत उभे राहू शकते.

आरोग्य आणि गुंतवणूक या दोन विषयांबाबत एक सावधगिरी. आजारपणात कुटुंबाने केलेली व्यवस्था, पथ्याचे नियोजन, रुग्णालयातील कागदपत्रे हे अनुभवी माणसाने जरूर लिहावे. औषध आणि मात्रा सांगू नये. गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते, त्यामुळे अमुक शेअर घ्या अशा स्वरूपाचे पुस्तक पहिल्यांदा लिहिणाऱ्याने हाती घेऊ नये हे बरे.

सगळ्यांत शेवटी एक वाक्य पूर्ण करून पाहावे: "हे पुस्तक वाचून अमुक माणूस अमुक काम स्वतः करू शकेल." सचिवबाईंचे वाक्य असे होईल: "हे पुस्तक वाचून पंधरा ते साठ सदनिकांच्या संस्थेचा सचिव, कायद्याचे शिक्षण नसताना, मानीव अभिहस्तांतरणाची सर्व कागदपत्रे जमवू शकेल आणि वकिलाशी नेमके बोलू शकेल." या वाक्यात "माहिती मिळेल", "जागृती होईल" असे शब्द आले तर विषय अजून पुरेसा बारीक झालेला नाही, असे समजावे. वाक्य जमले की त्याच विषयावर सात-आठशे शब्दांचा एक लेख लिहून ओळखीच्या दोन-तीन व्हॉट्सॲप समूहांत पाठवावा. "छान लिहिलंय" या प्रतिसादाला फारसा अर्थ नाही. उलट प्रश्न किती आणि कोणते येतात ते पाहावे. तेच पुढे प्रकरणांत घालायचे आहेत.

आराखडा

वर सांगितलेले वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावे आणि वाचक काम ज्या क्रमाने करणार त्याच क्रमाने प्रकरणे लावावीत. कायद्याच्या कलमांचा क्रम किंवा लेखकाच्या आठवणींचा क्रम वाचकाच्या उपयोगाचा नसतो. आपल्या उदाहरणात पहिले प्रकरण मोफा कायद्याच्या इतिहासाचे असण्याचे कारण नाही; ते "तुमच्या संस्थेच्या नावावर जमीन आहे की नाही हे कसे तपासावे" याचे असावे, कारण अनेक संस्थांना तेच ठाऊक नसते. दुसरे प्रकरण सभासदांना तयार करण्याचे आणि ठरावाचे. तिसरे कागदपत्रांचे, आणि ते सर्वांत मोठे होईल: नोंदणीकृत करारनामे, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशे, सदनिकाधारकांची यादी, मिळकत पत्रिका. पुढे नोटीस, अर्ज, सुनावणी, आदेशानंतरचे टप्पे आणि शेवटी खर्चाचा व वेळेचा अंदाज. प्रकरणांची लांबी सारखी असावी असा आग्रह धरू नये. कागदपत्रांना चाळीस पाने आणि सुनावणीला सहा पाने लागत असतील तर तसेच असू द्यावे.

पहिल्या ई-पुस्तकासाठी पंधरा ते वीस हजार शब्द पुरेसे आहेत असे माझे मत आहे. छापील पानाला अडीचशे शब्द धरले तर ते साठ ते ऐंशी पानांचे होते आणि मोबाइलवर दोन-तीन बैठकांत वाचून होते. प्रत्येक प्रकरणासाठी चार गोष्टी आधीच कागदावर उतरवाव्यात: वाचक या प्रकरणाच्या सुरुवातीला कुठे उभा आहे, शेवटी त्याच्या हाती काय असेल, तो कुठे अडखळेल, आणि आपल्या अनुभवातला कोणता प्रसंग त्या अडथळ्यावर प्रकाश टाकतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल तर ते प्रकरण बहुधा कुठूनतरी वाचून लिहिले जाणार आहे, आणि ते आखूड ठेवणे श्रेयस्कर.

साहित्य आणि स्वामित्वहक्क

जुन्या फायली, पत्रव्यवहार, पावत्या, सभेची इतिवृत्ते समोर ठेवूनच लिहावे. तारखा, शुल्क आणि क्रम यांबाबत स्मरणशक्ती फार लवकर फसवते. मात्र खऱ्या कागदाचे चित्र पुस्तकात घालताना सभासदांची नावे, सदनिका क्रमांक, पॅन, आधार, सह्या पूर्ण झाकाव्यात. त्यापेक्षा तोच नमुना कोरा टाइप करून द्यावा. वाचकालाही तो जास्त उपयोगी पडतो.

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून मोजतात. म्हणजे १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे, पण अलीकडच्या कवीची कविता प्रकरणाच्या आरंभी शोभेसाठी टाकायची असेल तर परवानगी घ्यावी लागेल. समीक्षेसाठी किंवा चर्चेसाठी घेतलेल्या वाजवी उताऱ्याला कायद्यात मुभा आहे. शोभेच्या उद्धृताला ती मिळेलच असे धरून चालू नये. आपल्या उदाहरणात एक सोय आहे: विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा मजकूर, सोबत भाष्य किंवा स्वतःचे लेखन असेल तर, पुनर्मुद्रित करता येतो, आणि न्यायालयाने मनाई केली नसेल तर न्यायनिर्णयही देता येतात. मात्र एखाद्या प्रकाशकाने केलेले त्या कायद्याचे भाषांतर किंवा टिपा उचलता येत नाहीत.

इंटरनेटवर सापडलेले चित्र फुकट नसते. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्र घेतानाही त्याखालचा परवाना वाचावा आणि मागितला असेल तसा श्रेयनिर्देश करावा. आपल्या स्वतःच्या पुस्तकाचा हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो.

पहिला खर्डा

प्रस्तावनेपासून सुरुवात करू नये. प्रस्तावना पुस्तकाविषयी असते आणि पुस्तक अजून झालेले नसते. जे प्रकरण तोंडपाठ आहे ते आधी लिहावे. रोज पाचशे शब्द ठरवले तर पंधरा हजारांना तीस बैठका लागतात. नोकरी सांभाळून ते दोन-अडीच महिन्यांचे काम आहे. ज्यांना टंकलेखन जड जाते त्यांनी मोबाइलच्या कळफलकावरील किंवा गूगल डॉक्सवरील मराठी आवाज-टंकन वापरून पाहावे. समोर तो प्रश्न विचारणारा माणूस बसला आहे असे समजून बोलावे. विरामचिन्हे आणि जोडाक्षरे नंतर दुरुस्त करावी लागतात, पण बोलण्यातून उतरलेल्या मराठीला जी ओघवती लय असते ती फायदेशीर ठरते. लिहिताना एखादी तारीख किंवा शुल्क आठवले नाही तर तिथे तीन फुल्या टाकून पुढे जावे. तपासायला उठले की त्या दिवसाचे लेखन बहुधा तिथेच संपते.

सरकारी कागद वाचून वाचून आपल्याही भाषेत कार्यालयीन मराठी शिरते. "सदर अर्जासोबत संलग्न करावयाच्या दस्तऐवजांची पूर्तता अर्जदार संस्थेने करणे अनिवार्य राहील" या वाक्याचा अर्थ इतकाच असतो की अर्जाबरोबर पुढील कागद संस्थेने जोडायचे आहेत आणि एखादा राहिला तर त्रुटी काढली जाऊ शकते. या दुसऱ्या, साध्या रीतीनेच लिहावे. पारिभाषिक शब्द मात्र टाळू नयेत, कारण वाचकाला तेच शब्द खिडकीवर ऐकायला मिळणार आहेत. सूची क्रमांक दोन म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो कागद, हे एकदा सांगावे आणि मग पुस्तकभर एकच शब्द पाळावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून मसुदा करून घेण्याचा मोह सध्या प्रत्येकाला होतो. आराखड्यात काही राहिले का हे विचारण्यापुरता त्यांचा उपयोग जरूर करावा. पण ती साधने कायद्याची कलमे आणि मुदती आत्मविश्वासाने चुकीच्या सांगू शकतात, आणि वाचक ज्या गोष्टीसाठी पैसे देतो तो प्रत्यक्ष अनुभव त्यांच्याजवळ नसतो. किंडलवर पुस्तक चढवताना मजकूर किंवा चित्रे अशा साधनाने तयार केली आहेत काय, हेही लेखकाला सांगावे लागते.

संपादन आणि मुद्रितशोधन

खर्डा पूर्ण झाला की तो दोन आठवडे बाजूला ठेवावा आणि मग तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या दृष्टींनी वाचावा. पहिल्या वाचनात फक्त क्रम पाहावा: कोणत्या पायरीवर अशी वस्तू मागितली आहे जी आधी मिळवायला सांगितलेलीच नाही? दुसऱ्या वाचनात तीन फुल्या शोधून प्रत्येक आकडा आणि नाव मूळ कागदाशी ताडून पाहावे. तिसरे वाचन मोठ्याने करावे. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडावे.

त्यानंतर दोन बाहेरचे वाचक हवेत. एक असा, ज्याने हे काम कधी केलेले नाही. त्याला फक्त "कसे वाटले" असे विचारण्यात अर्थ नाही. पुस्तक देऊन एखाद्या प्रकरणातले काम प्रत्यक्ष करायला सांगावे आणि तो कुठे थांबतो ते न बोलता पाहावे. दुसरा जाणकार. आपल्या उदाहरणात सहकार कायद्याचे काम करणारा वकील, त्याची फी देऊन.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम प्रमाण धरले जातात. १९६२ साली चौदा नियम ठरले आणि १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. मराठीसाठी संगणकावरील तपासणी अजून पुरेशी विश्वासार्ह नाही, कारण सामान्यरूपे आणि प्रत्यय लागून होणारी असंख्य रूपे कोशात नसतात. म्हणून मुद्रितशोधकाला काही हजार रुपये देणे हा पहिल्या पुस्तकावरचा सर्वांत योग्य खर्च आहे, मुखपृष्ठापेक्षाही.

फाइल: युनिकोड, फॉन्ट आणि ईपब

जुना मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम फॉन्टमध्ये असेल तर तो ई-पुस्तकात जसाच्या तसा चालत नाही, कारण त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत साठवलेली चिन्हे वेगळीच असतात. परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, आणता येतो, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे इथे गडबड हमखास होते. ओळ न् ओळ वाचावी लागते. विशेषतः "सुऱ्या", "दऱ्या" यांतला ऱ्य आणि "सूर्य", "दर्या" यांतला रफार वेगळे राहिले आहेत का ते शोधसुविधेने तपासावे. फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे आहेत की हिंदी, हेही पाहावे. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना मराठी वळणे निश्चित केली आहेत. मुक्त, नोटो देवनागरी, तिरो देवनागरी मराठी, आयआयटी मुंबईचा शोभिका असे चांगले फॉन्ट मुक्त परवान्याने मिळतात आणि पुस्तकात अंतर्भूत करता येतात.

पीडीएफ म्हणजेच ई-पुस्तक, असा समज मराठीत खोल रुजला आहे. पीडीएफचे पान ठरलेल्या मापाचे असते, त्यामुळे फोनवर ते वाचताना ओळ न् ओळ डावी-उजवीकडे सरकवावी लागते. ईपब या प्रकारात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आणि वाचकाने निवडलेल्या अक्षराच्या आकाराप्रमाणे नव्याने मांडला जातो. यासाठी लिहिताना एकच शिस्त पाळावी लागते: प्रकरणाचे नाव ठळक व मोठे करून भागवू नये, त्याला शीर्षकाची शैली लावावी, नवे पान आणण्यासाठी एंटर दाबत बसू नये, समास जागा सोडून पाडू नये. ही शिस्त पाळली तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. गूगल डॉक्स आणि लिबरऑफिस रायटर या दोन्हींतून ईपब थेट निर्यात होते. बारीक दुरुस्तीसाठी सिजिल आणि कॅलिबर ही मुक्त साधने आहेत. भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नये.

तक्ते ही ई-पुस्तकातली सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. पाच रकान्यांचा तक्ता फोनवर मोडतो. तो दोन रकान्यांवर आणावा, किंवा प्रत्येक कागदासाठी "कोठून मिळतो, किती दिवस लागतात, नसेल तर काय" असे छोटे परिच्छेद लिहावेत. तक्त्याचे चित्र करून टाकले तर ते मोठ्या अक्षरात वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. तयार फाइल स्वस्त अँड्रॉइड फोनवर, मोठ्या फोनवर आणि किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये उघडून पूर्ण पाहावी.

नाव आणि मुखपृष्ठ

माहितीपर पुस्तकाच्या नावात लोक जो शब्द शोधतात तो असलाच पाहिजे. "हक्काची माती" हे नाव कादंबरीला शोभेल. "डीम्ड कन्व्हेयन्स: सोसायटीच्या जमिनीची मालकी कशी मिळवावी" हे नाव वाचकाला सापडेल. अनेक मराठी वाचक रोमन लिपीत शोध घेतात, म्हणून शोधशब्दांच्या रकान्यांत देवनागरीबरोबर रोमन रूपेही भरावीत. मुखपृष्ठ यादीत अंगठ्याच्या नखाएवढे दिसते, तेव्हा नाव त्या आकारात वाचता यावे. किंडलसाठी २५६० बाय १६०० पिक्सेलचे, उंची जास्त असलेले चित्र सुचवलेले आहे.

प्रकाशन आणि किंमत

ॲमेझॉनच्या केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) या व्यवस्थेत मराठी ई-पुस्तके विनाशुल्क प्रकाशित करता येतात आणि मानधनाचे ३५ व ७० टक्के असे दोन पर्याय आहेत. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावे लागते, आणि तेथे नव्वद दिवसांच्या प्रत्येक मुदतीत त्याची डिजिटल आवृत्ती इतर कोठेही विकता किंवा फुकट देता येत नाही. मराठी लेखकासाठी हा निर्णय साधा नाही. बुकगंगावर मराठी वाचक नेमका ग्रंथखरेदीसाठी येतो, आणि गूगल प्ले बुक्स बहुतेक अँड्रॉइड फोनवर सहज मिळते. माझा कल पहिले नव्वद दिवस किंडलवर राहून, आकडे पाहून मग सर्वत्र जाण्याकडे आहे. मात्र ज्यांचा वाचक व्हॉट्सॲपवरून येणार आहे त्यांनी आरंभापासूनच सर्वत्र जावे. सिलेक्टच्या मुदतीचे नूतनीकरण आपोआप होते, म्हणून बाहेर पडायचे असल्यास आपोआप नूतनीकरणाची खूण वेळेत काढावी. सत्तर टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार वितरण खर्च कापला जातो, त्यामुळे छायाचित्रे आकाराने लहान करून घालावीत. खाते उघडताना पॅन आणि बँकेचा तपशील लागतो, आणि अमेरिकेच्या करासंबंधीची प्रश्नावलीही भरावी लागते. पैसे मिळवणे हा हेतूच नसेल तर ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या विनामूल्य वितरण करणाऱ्या संस्थेचा मार्ग आहे.

किंडलवर ई-पुस्तकासाठी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आवश्यक नाही. तरी हवा असल्यास राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो. आयएसबीएन विकत देऊ करणाऱ्यांना पैसे देण्याचे कारण नाही. ई-पुस्तक आणि छापील आवृत्ती यांना वेगवेगळे क्रमांक घ्यावे लागतात.

किंमत ठरवताना पानांचा हिशेब करू नये. सचिवबाईंच्या वाचकाचा पर्याय दुसरे पुस्तक हा नसतो; सल्लागाराची फी हा असतो. तिच्यापुढे दोनशे रुपये काहीच नाहीत. उलट पाककृतींच्या पुस्तकाला फुकट चित्रफितींशी स्पर्धा करायची असते, तिथे किंमत कमीच ठेवावी लागते.

प्रकाशनानंतर

ई-पुस्तकाची फाइल केव्हाही बदलता येते, आणि कायदा, शुल्क किंवा शासकीय योजना यांवरील पुस्तकात हा गुण सर्वांत मोलाचा आहे. पहिल्या पानावर "माहिती अमुक महिन्यापर्यंत तपासलेली" अशी ओळ आणि आवृत्ती क्रमांक छापावा, आणि प्रत्येक बदलानंतर दोन्ही बदलावेत. फक्त पुस्तकासाठी उघडलेला एक ईमेल पत्ता शेवटच्या पानावर द्यावा. वाचकांचे जे प्रश्न त्यावर येतील ते पुन्हा त्यांच्याच शब्दांत त्या वहीत उतरवावेत: ज्यांचे उत्तर पुस्तकात आहे पण वाचकाला सापडले नाही, ते अनुक्रमणिकेत किंवा उपशीर्षकात दुरुस्त करावेत, ज्यांचे उत्तर नाही पण ते याच कामाचे आहेत, ते पुढील आवृत्तीत घालावेत, आणि "कन्व्हेयन्स झाले, आता पुनर्विकासासाठी काय करू?" असे जे प्रश्न पुस्तकाच्या शेवटापासून पुढे सुरू होतात, ते वेगळ्या पानावर काढून ठेवावेत, कारण दुसऱ्या पुस्तकाचा विषय त्यांतून निघतो.